फोटोखाली सापाचं खरं नाव छापा

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर एक रंगीत फोटो आला होता. दोन साप एकमेकांना पीळ घालून हातभर उंच उठलेले आणि खाली ओळ, ‘नाग-नागिणीचे दुर्मीळ मीलन’. फोटो सुरेख होता. पण त्यात नाग नव्हता, नागीण नव्हती आणि ते मीलनही नव्हतं. त्या धामणी होत्या, दोन्ही नर. धामणीचे नर असेच झुंजतात. चावाचावी नसते, मान उंच करून एकमेकाला खाली दाबायचं, ज्याचं डोकं जमिनीला टेकलं त्याने वाट धरायची. आमच्याकडे मात्र अजून लोक अशा जोडीवर नवं कापड टाकायला धावतात आणि धामण ही नागाची बायको असं पोरांना सांगतात. आता ते पेपरातही आलं म्हटल्यावर मी कोणाला काय समजावणार?

मी राजापूर तालुक्यात 31 वर्षं ग्रामीण डाकसेवक होतो. खांद्याला पिशवी, हातात काठी, पाखाडी म्हणजे दगडी पायवाट उतरायची, वहाळ म्हणजे ओढा ओलांडायचा, सडा म्हणजे कातळाचं पठार चढायचं आणि चार वाड्यांना टपाल द्यायचं. रोजची दहा-बारा किलोमीटर चाल. निवृत्त झालो तरी पहाटेचं चालणं सुटलेलं नाही. आता सुट्टीच्या दिवशी नातू बरोबर असतो.

एवढ्या वर्षांत साप किती दिसले त्याला गणती नाही. शेताच्या बांधावर पाठीवरचे दोन पिवळे पट्टे मिरवत जाणारी नानेटी, वहाळात डोकं वर काढून बेडकाची वाट बघणारी पाणदिवड, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या भोकात शिरणारी धामण. करवंदीच्या जाळीतला हरणटोळ मी एकदा अर्धा तास बघत उभा होतो. अर्धं अंग हवेत काढून तो वाऱ्याबरोबर डहाळीसारखा डुलत होता. डोळ्याची बाहुली आडवी, कोणीतरी चाकूने चीर दिल्यासारखी. हा साप माणसाच्या टाळूवर चावतो असं सांगून आमच्याकडे तो दिसला की मारतात. त्याचं सौम्य विष पाली-सरड्यांसाठी असतं आणि माणूस दिसला की तो पानांत मिसळून जातो.

फुरसं हा विषारी साप, ही वेगळी गोष्ट. आमच्या सड्यावर सैल दगडाखाली ते हमखास असतं. जेमतेम दीड वीत लांब, रंग थेट कातळाचा, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी फिकी खूण. जवळ गेलात तर ते पळत नाही. वेटोळ्यावर वेटोळं घासतं आणि लाकडावर पॉलिशपेपर फिरवावा तशी खरखर येते. ती आली की दोन पावलं मागे सरायचं, बस्स. हल्ली बारसू-देवाचे गोठणे भागात कातळशिल्पं बघायला लांबून माणसं येतात. यावीत, आम्हाला आनंदच आहे. पण उघड्या चपला घालून येतात, पोरं दगड उलटे करतात, हात घालतात. त्याखाली फुरसं असेल, नाहीतर लाल विंचू. त्या विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात पुष्कळ माणसं गेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रूढ केला आणि हे मरण खूपच कमी झालं. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले होते.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी गणपतीला मुंबईहून आलेला शेजारच्या घरचा मुलगा माझ्याबरोबर चालायला निघाला. कॉलेजात जाणारा, हुशार. पाणंदीच्या कडेला गवतात एक जाडसर साप पडला होता. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत त्याने मानेमागे हात घातलासुद्धा. ‘काका, अजगराचं पिल्लू आहे, पेपरात फोटो होता असाच,’ हे त्याचे शब्द. ती विषारी घोणस होती. पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरची शिट्टी सुटावी तसा फुत्कार. अंगठ्याला चावली.

घरच्यांनी मनगटाला सुतळी आवळली, कोणी भगताकडे पळालं. मी सुतळी सोडायला लावली, हात फळीला बांधून हलू दिला नाही आणि मिळेल त्या गाडीने त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन खिडकीत उभं ठेवलं. 20 मिनिटं कोणी हात लावायचा नाही म्हणाले. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलो. 20 मिनिटांनी त्यांनी ती तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. एव्हाना ते गोठायला हवं होतं. मग प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं. मुलगा वाचला, नऊ दिवसांनी घरी आला, अंगठ्याचं वरचं पेर मात्र गेलं. त्याने साप ओळखला होता तो पेपरातल्या फोटोखालच्या ओळीवरून. तो कुठला पेपर होता ते मी शोधत बसलो नाही.

उलटंही होतं. गेल्या पावसात शेजारच्या पडवीत कवड्या निघाला. पालींच्या मागे आलेला बिनविषारी साप. विषारी मण्यार समजून मारला. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपासून बरेच खाली सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात; कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. खरी मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तो दंश पुष्कळदा कळतही नाही. म्हणून मी कवड्याच्या वादात न पडता त्या घरच्यांना आधी खाटा आणि मच्छरदाण्या घ्यायला सांगितल्या.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक आमच्यासारखे खेड्यातले. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं केंद्र सरकारने 2024 मध्ये ठरवलं आहे. त्यात वर्तमानपत्राच्या हातात बरंच आहे. सापाचा फोटो छापण्याआधी जाणकाराला दाखवावा. खात्री नसेल तर नुसतं ‘साप’ लिहावं. धामण मारल्याची बातमी ‘विषारी सर्पाचा खात्मा’ म्हणून देऊ नये. गळ्यात साप घालून उभ्या असलेल्यांचे फोटो तर छापूच नयेत, ते बघून पोरं हात घालतात. आणि पावसाच्या तोंडावर एकदा नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचे मोठे रंगीत फोटो नावांसकट द्यावेत. आपल्याकडचं प्रतिसर्पविष या चारांवरच चालतं. शेजारी रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक द्यावा आणि साप मारून दवाखान्यात आणू नका हेही लिहावं, कारण डॉक्टर लक्षणं आणि ती नळी बघून उपचार ठरवतात.

नातवाने आपला तो फोटो कापून शाळेच्या वहीत चिकटवला होता, खाली वळणदार अक्षरात ‘नाग-नागीण’. काल आम्ही दोघांनी ते खोडून ‘धामण, दोन नर’ असं लिहिलं. त्याने विचारलं, पेपरात चूक कशी असेल? आपण दुरुस्ती छापलीत तर ती शेजारी चिकटवायला त्याने वहीत जागा सोडली आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी