पडदा लावण्याआधी चर्चने घड्याळ पाहावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘चर्चने काळाबरोबर चालावे’ हे हल्ली सगळेच म्हणतात. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सदस्यांच्या, सभेत मात्र त्याचा अर्थ फार लवकर ठरून जातो: एक प्रोजेक्टर, एक ड्रम सेट, एक कॅमेरा आणि तरुणांच्या हाती माइक. विरोध करणारे वडीलधारेही नेमक्या याच वस्तूंना विरोध करतात. वर्षभर वाद चालतो, अखेर पडदा लागतो, आणि मागचे बाक होते तितकेच रिकामे राहतात. संस्कृती वाद्यांपुरती बदललेली नाही. माणसाचे कामाचे तास बदलले, घरातली माणसे कमी झाली, आणि ‘मोठे सांगतात म्हणून खरे’ ही सवय मोडली. पडदा यातल्या एकाही गोष्टीला पुरा पडत नाही.

आधी तासांचे पाहू. रविवारची शाळा आज आपल्याला जुनी परंपरा वाटते. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० च्या सुमारास ती नावारूपाला आणली रॉबर्ट रेक्सने. हा गृहस्थ पाळक (पाद्री) नव्हता, वृत्तपत्राचा मालक आणि संपादक होता. म्हणजे आपल्याच धंद्यातला. गरिबांची मुले सहा दिवस कारखान्यात राबत आणि सातव्या दिवशी रस्त्यावर हुंदडत. मुले ज्या दिवशी मोकळी, त्या दिवशी शाळा, इतका साधा हिशेब. वाचायला शिकवायचे आणि वाचनाचे पुस्तक बायबल. पुढे आपण रविवार तेवढा जपला, हिशेब मात्र विसरलो. आज रुग्णालय, हॉटेल, कॉल सेंटर, गोदाम, घरपोच सेवा यांत काम करणाऱ्यांना रविवार सकाळ मोकळी असतेच असे नाही. उपासनेला न येणाऱ्याच्या नावापुढे आपण ‘थंड पडला’ असा शेरा मारतो. पुष्कळदा तो त्या वेळी कामावर असतो.

उपाय अवघड नाही, पण चिकाटीचा आहे. मंडळीच्या यादीत दोन रकाने वाढवा: कामाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी. त्यावरून आठवड्यातली एक संध्याकाळ निवडा. चाळीस मिनिटांची पूर्ण उपासना ठेवा: दोन गीते, वाचन, दहा मिनिटांचा उपदेश, प्रार्थना. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत आदल्या दिवशीच्या सायंकाळची मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) रविवारच्या कर्तव्यात धरली आहे, म्हणजे वाट आधीच मोकळी आहे. बिघडते ते मोजणीत. चार आठवडे बारा-पंधरा डोकी दिसली की पंचकमिटी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून उपक्रम गुंडाळते. पाळ्या फिरत्या असतात. या आठवड्यात आलेला पुढच्या आठवड्यात येऊच शकत नाही. म्हणून एका दिवसाची हजेरी मोजू नये, दोन महिन्यांत वेगवेगळी किती माणसे येऊन गेली ते मोजावे. सहा महिन्यांच्या आत निर्णय घेऊ नये. आणि ही उपासना साहाय्यक पाळकाच्या गळ्यात घालून वरिष्ठांनी रविवारपुरते राहू नये. लोक ते बरोबर ओळखतात.

घरे लहान झाली आणि एकटेपणा वाढला, याबद्दल उपदेश भरपूर होतात. त्याहून उपयोगी एक उदाहरण आहे. चॅड वारा नावाच्या अँग्लिकन पाळकाने १९३५ मध्ये आपल्या सेवेच्या सुरुवातीलाच एका अल्पवयीन मुलीचा दफनविधी केला. मासिक पाळी म्हणजे गुप्तरोग असा समज करून घेऊन तिने जीव दिला होता. तिला विचारायला कोणी नव्हते. पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनमधल्या आपल्या चर्चमधून त्याने जीव नकोसा झालेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. समुपदेशन आपण स्वतः करू, असा त्याचा बेत होता. भेटायला आलेल्यांना बाहेर बसवून चहा-कॉफी देण्यासाठी काही स्वयंसेवक ठेवले होते. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आले की बाहेर कोणीतरी शांतपणे ऐकून घेतल्यावर अनेकांना आत येण्याची गरजच उरत नाही. काही महिन्यांत त्याने फोन स्वयंसेवकांकडे सोपवला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. फोन हे सोयीचे साधन होतेच, पण संस्था टिकली ती पलीकडे न बोलता ऐकणारा माणूस असल्यामुळे.

असे ऐकून घेण्याचे काम आपल्या चर्चमध्ये करायचे तर तयारी लागते, नुसता कळवळा पुरत नाही. ऐकणाऱ्यांनी चार गोष्टी पाठ कराव्यात. मध्येच बायबलमधले वचन ऐकवायचे नाही. कोणी मरणाची भाषा बोलला तर ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ असे सरळ विचारायचे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाव मिळतो. धोका दिसला तर त्याला एकटे सोडायचे नाही, जिवाला घातक ठरेल अशी वस्तू जवळ राहू द्यायची नाही आणि डॉक्टरकडे पोचवायचे. चौथी गोष्ट म्हणजे ऐकलेले प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून मांडायचे नाही. आपल्याकडे सर्वात जास्त विश्वास मोडतो तो इथे. ‘अमुक बहिणीच्या घरातल्या अडचणीसाठी प्रार्थना करू या’ एवढे एक वाक्य पुरते. त्या बहिणी पुन्हा कोणापाशी मन मोकळे करत नाहीत.

आता अधिकारवाणीचे. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच, आणि चर्चची सर्वात कमी तयारीही इथेच. पूर्वी उत्तर आधी मिळे, प्रश्न पडायचाच नाही. आज पंधरा वर्षांचे मूल उपदेश चालू असतानाच हातातल्या फोनवर उपदेशकाची आकडेवारी तपासते. त्याला गप्प बसवले तर ते वाद घालत नाही, येणे बंद करते.

म्हणून महिन्यातून एकदा प्रश्नांची बैठक ठेवावी. उपासना संपल्यावर, पाऊण तास, व्यासपीठावर नव्हे तर गोल मांडलेल्या खुर्च्यांवर. दाराशी कुलूपबंद पेटी आणि कोऱ्या चिठ्ठ्या आठवडाभर असाव्यात. नाव लिहायचे नाही. पेटी पाळकाने उघडू नये, दोघांनी मिळून उघडावी, त्यातला एक तिशीच्या आतला असावा. सारखे प्रश्न एकत्र करून चार किंवा पाचच घ्यावेत. प्रत्येक उत्तराला पाच मिनिटे, घड्याळ लावून. सूत्रसंचालन तिसऱ्याने करावे. अठराच्या आतल्यांची बैठक आईवडिलांशिवाय व्हावी, पण दोन जबाबदार प्रौढ समोर असावेत आणि दार उघडे असावे. एकट्या प्रौढाने मुलांची बैठक घेऊ नये, तो कितीही विश्वासातला असो.

बैठक फसते कशी, तेही ठरलेले आहे. पहिले, कोणीतरी ज्येष्ठ हसत हसत विचारतात, ‘हा प्रश्न कोणाचा बरं?’ पुढच्या महिन्यात पेटी रिकामी. दुसरे, निवडणारे अवघड चिठ्ठ्या बाजूला सारतात आणि ‘प्रार्थना कशी करावी’ एवढेच उरते. चिठ्ठी टाकणारा समोरच बसलेला असतो, त्याला कळतेच. तिसरे, उत्तराचा उपदेश होतो. आणि चौथे, उत्तर येत नसताना ते रचून दिले जाते. ‘मला ठाऊक नाही, पुढच्या बैठकीत सांगतो’ हे उत्तर चालते, फक्त पुढच्या बैठकीची सुरुवात त्यानेच व्हायला हवी.

विज्ञानाच्या प्रश्नांत तर फारच सांभाळावे. ख्रिस्ती माणूस आकाश-पृथ्वीविषयी अज्ञानाने काहीबाही बोलला तर जाणकार हसतील आणि पवित्र शास्त्राचे बाकीचे म्हणणेही ऐकणार नाहीत, असा इशारा संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभीच देऊन ठेवला आहे. विश्वाच्या प्रसरणाचा आणि आद्य अणूचा, म्हणजे आजच्या ‘महास्फोट’ सिद्धांताच्या बीजाचा, विचार १९२७ ते १९३१ या काळात मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, आणि आपला सिद्धांत श्रद्धेचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये असे त्याचेच मत होते. आपल्या व्यासपीठांवरून विज्ञानाला एका रविवारी शत्रू ठरवले जाते आणि पुढच्या रविवारी साक्षीदार म्हणून उभे केले जाते. चाणाक्ष मुलांचा विश्वास पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रकाराने लवकर उडतो.

यावर ‘म्हणजे जगाच्या सुरात सूर मिसळायचा का?’ असा आक्षेप येईल. प्रेषित पौलाने अथेन्समध्ये काय केले ते बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. मूर्तींनी भरलेले शहर पाहून त्याच्या मनाचा संताप झाला, पण अरीयपगावर (अथेन्समधल्या सभेच्या टेकडीवर) भाषणाची सुरुवात संतापाने झाली नाही. तो आधी शहर हिंडला होता, बाजारात रोज भेटेल त्याच्याशी बोलला होता, वेदीवरचा ‘अज्ञात देवाला’ हा लेख त्याने वाचला होता. त्याने आधाराला घेतलेली एक ओळ अराटस या ग्रीक कवीची, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घरातली. आणि पुनरुत्थानाचा मुद्दा आल्यावर त्याने तो गिळला नाही, जरी त्यावर लोक हसणार हे उघड होते. काही हसले, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. भाषा त्यांची, मुद्दा आपला. आपल्याकडे बहुधा उलटे होते: तारण, कृपा, कोकऱ्याचे रक्त हे शब्द न उलगडता जसेच्या तसे ठेवायचे आणि कोणाला झोंबेल असा मुद्दा तेवढा गाळायचा. उपदेशाचा कच्चा खर्डा आधी चर्चला न जाणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला वाचायला द्यावा आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगावे. रेघा मोजल्या की पुढचे सांगायला नको. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये असे धर्मगुरूंना बजावले होते. आठ मिनिटांत तयारी नसलेला उपदेशक चटकन उघडा पडतो, म्हणून ही सूचना आपल्याकडे फारशी कोणाला आवडली नसावी.

थेट प्रक्षेपणाविषयी थोडक्यात. चित्र जरा अस्पष्ट असले तर चालते, आवाज खराब असेल तर लोक मिनिटभरात निघून जातात. म्हणून पैसे आधी ध्वनीवर खर्चावेत आणि कॅमेऱ्याला आवाज मिक्सरमधून थेट द्यावा. मुलांचे चेहरे आणि आजाऱ्यांची नावे प्रक्षेपणात येऊ देऊ नयेत. गीतांचे हक्क तपासावेत. ‘पाहिले’चा आकडा म्हणजे उपस्थिती नव्हे, काही सेकंद थांबलेलाही त्यात मोजला जाऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रक्षेपण हे वरदान आहे, पण ते सुरू झाले की त्यांच्या घरी जाणे हळूहळू थांबते. प्रक्षेपण सुरू करताना घरभेटींची यादीही प्रक्षेपण सांभाळणाऱ्याच माणसाच्या हाती द्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्नही दारात आहे. औद्योगिक क्रांतीने कामगारांची दैना झाली तेव्हा तेराव्या लिओ पोपने १८९१ मध्ये त्यावर परिपत्रक काढले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेताना त्या परिपत्रकाचा आणि या नव्या तंत्राचा संबंध स्वतः सांगितला. आपल्या पातळीवर तीन नियम पुरेत. यंत्राने दिलेले प्रत्येक वचन आणि अवतरण मूळ ग्रंथात उघडून पाहावे, कारण यंत्र खोटे संदर्भही खात्रीच्या सुरात देते. मन मोकळे केलेल्या माणसाची हकिगत यंत्रात टाकू नये, नाव गाळूनसुद्धा. अंत्यविधीचे चार शब्द यंत्राकडून लिहून घेऊ नयेत.

मंडळीचा वार्षिक अहवाल छापताना खर्चाच्या बाजूला पडद्याची किंमत येईलच. त्याच पानावर आणखी तीन ओळींची जागा ठेवावी: पेटीत आलेले प्रश्न किती, त्यांपैकी उत्तर दिलेले किती, आणि रविवार सोडून इतर दिवशी चर्चचे दार किती तास उघडे होते.

आपला,
एक वाचक