पाटणादेवीच्या वाटेनं ये

ता. चाळीसगाव,
भाद्रपद संपत आलाय

प्रिय सुन्या,

रामराम.

तुझे उत्तराखंडचे फोटो मिळाले. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघण्यासारखीच आहे, त्यात वाद नाही. तिला राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते उगाच नाही. पण फोटोंखाली तू जे लिहिलंस, ‘आपल्या खान्देशात ऊन आणि केळी सोडून आहे काय’, ते वाचून माझं डोकं सणकलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. कागदावर तरी ऐकून घे.

एक तर केळी रावेर-यावलकडची. आपल्याकडे कपाशी. पुण्यात राहून तू एवढंही विसरलास भो.

दुसरं म्हणजे डोंगर. आपल्या सातमाळ्याच्या डोंगररांगेत राष्ट्रीय उद्यान नाही, कबूल. पण गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. काही आपल्याकडे, काही वर कन्नड तालुक्याकडे. आपल्या बाजूची पाटणादेवी तुला माहीत आहे, पण कशी माहीत आहे ते मी सांगतो. नवरात्रात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायचं, नारळ फोडायचा, चिवडा खायचा, संध्याकाळी घरी. देवळाच्या मागं एवढे कडे उभे आहेत आणि आपण सगळी वर्षं त्यांच्याकडे पाठ करून प्रसाद खाल्ला.

कपाशीची शेवटची फवारणी उरकली आणि वेचणीला अजून अवकाश होता, म्हणून भाच्याला घेऊन पाटण्याहून, म्हणजे पाटणादेवीच्या गावाहून, पितळखोऱ्याच्या जुन्या बौद्ध लेण्यांपर्यंत पायी चढून आलो. नाक्यावर पावती फाडली, नोंद केली, शेजारच्या वस्तीवरचे एक नाना वाटाड्या म्हणून सोबत घेतले. वाटाड्या घ्यायलाच लागतो. पावसाळ्यात ओहोळ वाट दर वर्षी बदलतो, आणि पाणी जास्त असलं तर वनखातं सोडतही नाही. सोडू नयेच. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात डोंगरी आणि तितूर नद्यांनी काय केलं ते तू बातम्यांत बघितलंस. ती डोंगरी याच डोंगरातून येते. त्याच रात्री कन्नड घाटात दरड कोसळून गाड्या अडकल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा मात्र पाणी गुडघ्याच्या खाली आणि इतकं नितळ, की तळातले गोटे मोजून घ्यावेत.

देवळापासून थोडं आत शिरलं की आवाजच बदलतो. लाऊडस्पीकर नाही, गाड्या नाहीत. सागाची पानं अळ्यांनी जाळीदार केलेली, मधेमधे अंजन, सलई, धावडा, आणि सगळीकडे गुलाबी तेरडा. कळलावीची लाल-पिवळी फुलं झुडपांवर चढलेली. नाना म्हणाले, हात लावू नका, कंद विषारी. भाच्याला वाटेत एक वारूळ दिसलं, अर्धं उकरलेलं. नाना खाली बसले आणि उकरलेल्या मातीवर बोटं फिरवून दाखवली: लांब नखांच्या पाच-पाच रेघा, आतपर्यंत ओढलेल्या, आणि भोकाच्या तोंडाशी माती ओली, चिकट. अस्वल. आदल्या रात्रीचं असेल. तोंड भोकाला लावून वाळवी ओढून घेतं, त्याचा आवाज लांबवर जातो म्हणे. त्यानंतर माझा भाचा बराच वेळ मोठ्यानं बोलत चालला. नानांनीच सांगितलं होतं तसं करायला. अस्वल चावायला येत नाही, पण दचकलं की येतं.

वाघ दिसेल का, हे तू विचारणारच. नाही दिसणार. २०२१ साली एक वाघ टिपेश्वरहून चालत चालत इथपर्यंत आला होता. कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघ आला म्हणून पेपरात फोटो छापून आले. पण तो पाहुणा. बिबट्या आहे, नीलगाय आहे, मोर तर अंगावर येतील एवढे आहेत. बिबट्याची चेष्टा मात्र करू नकोस. २०१७ मध्ये आपल्याच तालुक्यात एकानं माणसं मारली होती, तेव्हा गावोगावी लोकांनी संध्याकाळी शेतात जाणं सोडलं होतं. तुझ्या आईनं तुला फोनवर सांगितलंच असेल.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहितोय. पितळखोरं बघायला लोक बहुतेक वरून येतात. कन्नडच्या बाजूनं गाडी थेट पठारावर, पायऱ्या उतरायच्या, लोखंडी पूल ओलांडायचा, लेण्यांसमोर फोटो, परत पायऱ्या, परत गाडी. मीही एकदा तसाच गेलो होतो आणि ‘पडझड झालेलं आहे’ एवढंच म्हणून आलो. तसं बघितलं की प्रश्न पडतो, एवढ्या अडचणीच्या दरीत कोणी कशाला खोदत बसलं असेल? खालून, आपल्या बाजूनं चढून ये, म्हणजे प्रश्नच उरत नाही. तापी-गिरणेच्या सपाटीवरून निघालेला माणूस या खोऱ्यातून वर चढायचा आणि पुढे वेरूळ, पैठणकडे जायचा. दमून वर पोचायच्या आधी, पाण्याच्या शेजारी, सावलीत थांबायची जागा म्हणजे ही लेणी. आमच्या पोटऱ्या दुखायला लागल्या आणि वर कड्यात कोरलेले खांब दिसले, तेव्हा भाचा बसलाच. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारीही नेमका तिथंच बसत असणार.

आणि हे नुसतं माझं मत नाही. चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात पैठणचा मितदेव आहे, सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातला. एका ठिकाणी राजवैद्य मगिल याचं नाव आहे. म्हणजे पैसा पैठणहून येत होता, आणि वाट चालती होती. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम, अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या जोडीचं. इथं सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव आहे, कण्हदास, सोनार. सोनारानं दगड घडवला! राजाचं नाव नाही, कारागिराचं आहे. मला हे फार आवडलं.

चौथ्या लेण्याच्या दाराशी हत्तींची रांग आहे. खालून वर जाणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या तोंडाशी दोन द्वारपाल, भाले घेतलेले. शेजारी पाच फण्यांचा नाग. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो, कारण नानांनी एक गोष्ट दाखवली. फणे नुसते शोभेचे नाहीत. मागं खडकात पाट कोरलाय आणि प्रत्येक फण्यातून भोक काढलंय, म्हणजे वरून येणारं पावसाचं पाणी नागाच्या तोंडांतून बाहेर पडावं. आम्ही गेलो तेव्हा पाणी नव्हतं, पण भोकांखाली शेवाळाच्या हिरव्या रेघा ओल्या होत्या. आपण शेतात पाइपाला साधा वॉल्व्ह बसवतो तोही दर वर्षी गळतो.

पडझड आहे हे मात्र खरं. हा आपला काळा दगड लाव्ह्याच्या थरांनी झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोन कठीण थरांमध्ये एखादा भुसभुशीत थर येतो, त्यात पाणी मुरतं, आणि वरचा भाग निसटतो. चैत्याची दर्शनी भिंत पूर्ण गेलीय. उरलेल्या खांबांवर नंतरच्या काळातली बुद्धाची चित्रं फिकट दिसतात. त्यांच्या अंगावर आपल्या लोकांनी खिळ्यानं स्वतःची आणि प्रेयसीची नावं लिहिली आहेत. ते बघून माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही.

भाच्याच्या बुटांची गंमत सांगतो. खास या ट्रेकसाठी मागवलेले, भारीतले. धबधब्याच्या वरच्या बाजूला उजव्या बुटाचा सोल जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला. नानांनी पिशवीतून सुतळी काढली, गुंडाळली, दोन गाठी मारल्या. स्वतः नाना टायरच्या चपलेत, दगडावरून दगडावर असे जात होते की आपण रस्त्यानं जातोय. वर पोचून भाकरी सोडली. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. भाच्यानं आणलेले ते चॉकलेटचे बार तसेच परत आले.

उतरल्यावर अंधार पडायला वेळ होता म्हणून महादेवाच्या पडक्या देवळाकडं गेलो. या पाटण्यात सापडलेला शिलालेख तुला माहीत आहे का? भाऊ दाजी लाडांनी शोधून काढला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं. गावातल्या व्यापारावर, तेलाच्या घाण्यावर, कशाकशावर मठासाठी वाटा ठरवून दिलाय, आणि तो भाग जुन्या मराठीत लिहिलाय, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळावा म्हणून. आपण आठवीत गणिताच्या तासाला मागच्या बाकावर झोपलो, आणि गणिताची शाळा होती आपल्याच घराच्या पाठीमागं. गुरुजींनी एकदा तरी सांगायचं होतं.

कान्हेरगड या वेळी राहिला. तिथं नागार्जुन कोठडी म्हणून जैन लेणं आहे. तुझ्यासोबत करू.

आणि तो औट्रम घाट, म्हणजे आपला कन्नड घाटच. जेम्स औट्रम नावाच्या साहेबानं १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, त्याचं नाव घाटाला राहिलं. वाटा मात्र आजही भिल्लांच्याच पोरांना माहीत आहेत, त्यांचं नाव कशालाच नाही.

तर तू ये. नवरात्रात येऊ नकोस, तेव्हा देवळापाशी पाय ठेवायला जागा नसते. कोजागरी झाल्यावर ये. तेव्हा पाणी अजून असतं आणि वाट वाळलेली असते. फार लांबवलंस तर माझी वेचणी सुरू होईल, मग मजुरांच्या मागं फिरण्यात माझा जीव जातो, तुझ्यासाठी वेळ निघणार नाही. रेल्वेनं ये, चाळीसगावला उतर, मी मोटरसायकल घेऊन येतो. तिथून पाटणादेवी अठरा-एक किलोमीटर. वहिनींना विचार. त्यांना चढायचं नसेल तर देवळापासून केदारकुंडापर्यंतसुद्धा छान फिरणं होतं, आणि रात्री आमच्याकडे वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी आहेच. फक्त ते ड्रोन-बिन आणू नकोस, अभयारण्यात चालत नाही. बूट जुने आण.

तिकीट काढलंस की कळव, म्हणजे नानांना सांगून ठेवतो.

तुझाच,
भाऊसाहेब