रेशन कार्डाची पानं सोडवणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. टेबलावर पाटी होती, पण माझं लक्ष तुमच्या हाताकडं होतं.

२०२१ च्या पुरात आमचं रेशन कार्ड पेटीतच भिजलं. पानाला पान चिकटून वाळलं. पुढच्या वर्षी मालक गेले. संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज घेऊन मी जाईन तिथं ते कार्ड चिमटीत धरून परत मिळायचं. एक साहेब म्हणाले, "बाई, पापड आणलाय काय?" सगळे हसले. मीही हसले, काय करणार! वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्न पाहिजे म्हणे. एवढ्यात घर कसं चालतं, ते अट घालणाऱ्यानं एकदा चालवून दाखवावं.

तुम्ही हसला नाहीत. ड्रॉवरमधनं स्टीलची पट्टी काढलीत, फुंकर मारत मारत एकेक पान सोडवलंत. मागं रांग कुरकुरत होती, तुम्ही मान वर केली नाहीत. आत ह्यांचं निम्मंच नाव उरलं होतं. ते तुम्ही वाचलंत आणि आपणहून पुढं 'राव' लावलंत. मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलून ज्यांची पाठ गेली, त्यांना कचेरीत कुणी राव म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कागद तेच होते, नियमही तेच. आधीच्यांना एक पट्टी सापडली नव्हती, एवढंच.

आता महिन्याचे १,५०० मिळतात. कधी मागंपुढं होतं, ते जाऊ दे.

आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत भाड्यानं राहतो. खालची खोली २,५०० ला, माडीवरची ४,००० ला. खोल्या सारख्याच, वरचे १,५०० पुराचं पाणी येत नाही म्हणून. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झालं की धोका म्हणतात. आम्ही खालची माणसं ३९ लाच गाठोडी बांधायचो. कुणाच्या दारात जायचं, हे ठरलेलं नसायचं.

आता आम्ही माडीवर आहोत. पावसाळा लागला की पोरगा दप्तर खुंटीला टांगायचा, अगदी वरच्या. परवा बघितलं, तर वह्या जमिनीवर पसरून तिथंच झोपला होता. बाहेर धो धो पाऊस. मी उठवलं नाही.

कार्ड तुम्ही दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे.

तुमची,
रांगेतली बहीण