सिस्टर काकू, कॅलेंडरच्या त्या पानासाठी तुमचे मनापासून आभार

सिस्टर काकू, सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर बसून हे बोलायला गेलो तर तुम्ही "चल, चहा घे आधी" म्हणून विषय बदलणार हे माहीत आहे, म्हणून लिहायलोय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायलोय. तुमचा मुलगा वाचून दाखवीलच. दुसरं कारण म्हणजे अक्कलदाढ काढून घरी येऊन गाल धरून बसलेलं कुणीतरी आत्ता या घडीला असणारच, आणि प्रत्येकाच्या गल्लीत तुमच्यासारखी सिस्टर नसते.

आधी इतरांसाठी थोडं सांगतो. मी सेलूचा. खालची उजवी अक्कलदाढ आडवी आली होती, वर्षभर अधूनमधून हिरडी सुजायची, जबडा धरायचा, आणि मी दरवेळी मेडिकलमधून गोळी आणून दिवस ढकलायचो. शेवटी एप्रिलमधे परभणीला जाऊन काढून घेतली. हाड थोडं घासावं लागलं, दाढेचे तुकडे करून काढले, तीन टाके पडले. काढताना काहीच दुखलं नाही, इंजेक्शननं अर्धा जबडा, ओठ, जीभ सगळं सुन्न. मला वाटलं, एवढंच असतंय होय! हातात एक कागद दिला, तो सगळा इंग्रजीत, आणि गर्दी एवढी होती की कुणी समजावून सांगायला थांबलं नाही. मी पण विचारलं नाही, ही माझी पण चूक. घडी घालून खिशात ठेवला आणि स्टेशनवर येऊन ज्यूसचा डबा घेतला अन् नळीनं ओढत ओढत सेलूला आलो.

खरी गंमत चारच्या पुढं सुरू झाली, गंमत कसली, नरक. सुन्नपणा उतरला तसं दुखणं असं आलं की मला भिंत धरावी लागली. मित्राच्या घरात डायक्लोफिनॅकची गोळी होती ती उपाशीपोटी घेतली, तासाभरानं डोलो घेतली, डॉक्टरांची गोळी रात्री घ्यायची म्हणून ठेवली होती ती पण मधेच काढली. बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. एक म्हणे दाढेखाली तंबाखू धर, एक म्हणे लवंगेच्या तेलाचा बोळा खड्ड्यात कोंब, एक म्हणे मिठाच्या पाण्यानं जोरजोरात खुळखुळून चूळ भर. आणि सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं, "दाढच काढलीय ना, त्यात काय एवढं, गडी माणूस तू." ते ऐकून दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटायला लागली होती.

रात्री साडेनऊला लाईट गेली आणि आईनं तुम्हाला हाक मारली.

तुम्ही आलात, आणि एवढ्या सगळ्या लोकांत तुम्ही एकट्या होतात ज्यांनी काही सांगायच्या आधी विचारलं. दाढ किती वाजता काढली, सुन्नपणा कधी उतरला, कोणती गोळी किती वाजता घेतली, पोटात काय आहे, रक्त थांबलंय का. मोबाईलच्या उजेडात एकेक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. आणि मग मला दाखवलंत, हे बघ भैय्या, डॉक्टरनी लिहिलेल्या गोळीत अॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत, तुझ्या मित्राची डायक्लोफिनॅक म्हणजे त्या पहिलीचीच बहीण, एका जातीच्या दोन गोळ्या घेऊन आराम दुप्पट होत नाही, पोटाचा आणि किडनीचा त्रास तेवढा वाढतो, आणि डोलो म्हणजे परत पॅरासिटामॉलच, ६५० मिलिग्रॅमचं. धडधाकट माणसाला सुद्धा दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं, आणि लोक नावं वेगळी म्हणून मोजतच नाहीत. मी मोजत नव्हतो काकू. एप्रिलचं ऊन, दिवसभर पाणी नीट पोटात गेलेलं नाही, त्यात असल्या गोळ्या, किडनीला किती जड जातं हे तुम्ही सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्ही स्वतःच्या मनानं काही दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, एवढी वर्षं नोकरी केलेली बाई, तरी फायलीवरचा नंबर बघून डॉक्टरांना फोन लावला, काय काय पोटात गेलंय ते वेळेसकट सांगितलं आणि पुढं काय द्यायचं ते विचारून घेतलं. डॉक्टरांनीही एवढ्या रात्री नीट सांगितलं, त्यांचे पण आभार. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून दुधाच्या हिशोबाच्या खाली तुम्ही पेनानं लिहिलंत: सकाळी ८ डॉक्टरची गोळी जेवून, दुपारी २ नुसती पॅरासिटामॉल, रात्री ८ परत डॉक्टरची. घेतली की टिक करायची. अँटिबायोटिकला वेगळी खूण, बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण.

आणि तुमचं ते वाक्य, "दुखणं उठायची वाट बघू नको रे, ते उठलं की गोळीला त्याच्या मागं पळावं लागतंय." पहिली गोळी सुन्नपणा उतरायच्या आधीच घ्यायची असते, पोटात काहीतरी घालून, हे मला दुपारीच कळलं असतं तर ती संध्याकाळ तशी गेलीच नसती. आपल्याकडं सोसण्याचं केवढं कौतुक! शेतात पायात काटा मोडला तरी संध्याकाळपर्यंत काम उरकणारी माणसं आपण, त्यामुळं घड्याळ लावून पेनकिलर घेणं म्हणजे नाजूकपणा वाटतो. तुमच्या मुलीनं, ती बी.फार्मला आहे ना, दुसऱ्या दिवशी सांगितलं की दुखण्याच्या नव्या गोळीची परीक्षा घ्यायची असली तर जगभर बऱ्याचदा अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर घेतात, कारण ते दुखणं चांगलंच जोरदार असतं आणि सुन्नपणा उतरला की ठरल्यासारखं येतंच. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे मी नाटक करत नव्हतो. आणि तिनं हे पण सांगितलं की सूज उतरवणारी गोळी (अॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक असली) आणि पॅरासिटामॉल यांचं काम करायचं ठिकाण वेगवेगळं, म्हणून दोघी मिळून चांगल्या चालतात, एकाच जातीच्या दोन तशा चालत नाहीत.

बर्फाचं तर मी विसरणारच नाही. आमच्या फ्रीजमधे लाईटमुळं पाणीच झालं होतं, तर तुम्ही धाकट्याला रसवंतीवर पिटाळलं, ते बंद करायलेच होते, त्यांनी गोणपाटातला तुकडा फोडून दिला. तो दस्तीत गुंडाळून गालाला वीस मिनिटं धर, वीस मिनिटं सोड, असं मधरात्रीपर्यंत. तुम्ही पायरीवर बसून वेळ बघत होतात आणि मी बाजेवर तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखा, कारण डोकं उंच राहिलं की ठणका कमी. दस्तीतून पाणी गळून सगळी बनियन भिजली. अकराच्या सुमारास पहिल्यांदा दात आवळलेले सुटले माझे.

खाण्यापिण्याचं पण तुम्हीच बसवून दिलं. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ नाही, गरम नाही, नळीनं काहीच ओढायचं नाही (मी ज्यूसचं सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी). खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरते ती म्हणजे जखमेवरची खपली, ती ओढून निघाली की खालचं हाड उघडं. गार ताक, गाळलेली आंबील, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि वरण. आई ज्वारीच्या कण्या करणार होती, तुम्ही नको म्हणालात, कणी जाऊन बसते त्या खड्ड्यात. चोवीस तासांनंतर कोमट मिठाचं पाणी, तेही नुसतं तोंडात घेऊन मान हलवायची आणि आपोआप गळू द्यायचं. मंगळवारी, बुधवारी गाल एवढा सुजला की आरशात ओळखू येईना, पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की सूज दोन-तीन दिवस वाढतीच, तिला घाबरू नको, पण दुखणं एकदा कमी होऊन परत वाढायला लागलं तर मला उठव, रात्र असली तरी.

तेच झालं. बुधवारी संध्याकाळी बरं वाटलं म्हणून मी चिमूटभर तंबाखू घेतली. तुम्हाला शुक्रवारी खरं सांगितलं, इथं पण खरंच लिहितो. गुरुवारी रात्री कानात सळका, कानशिलापर्यंत, गोळी घेऊन तासभर पण टिकंना, तोंडाला घाण वास. तुम्ही सकाळी टॉर्च लावून नुसतं बघितलं, हात लावला नाही, लवंगेचं तेल घेऊन उभ्या असलेल्या आत्याला पण थांबवलं आणि म्हणालात, गुठळी गेलीय, खड्डा रिकामा दिसतोय, पहिल्या गाडीनं परभणीला जा. तंबाखूचं ऐकून रागावला नाहीत. "आता जखम भरोस्तोवर तरी हात लावू नको," एवढंच.

ड्राय सॉकेटच होतं, म्हणजे गुठळी निघून खालचं हाड उघडं पडलेलं. डॉक्टरांनी सलाईननं खड्डा धुतला आणि औषधाची पट्टी भरली, तिला लवंगेसारखाच वास, म्हणजे आत्याचं औषध खोटं नव्हतं, पण ते धुतलेल्या खड्ड्यात, मोजून, जाणत्या हातानं भरायचं औषध आहे. खुर्चीवरून उठेपर्यंत दुखणं निम्मं झालं. खोटं वाटेल पण मला रडू आलं. नंतर दोनदा पट्टी बदलली, टाके निघाले, आणि पुढं हळूहळू सगळं भरून आलं. तंबाखू अजून तरी घेतलेली नाही.

अजून एक गोष्ट, ती तर माझ्या दाढेपेक्षा मोठी. माझ्या उरलेल्या गोळ्या आई गुडघ्यासाठी घ्यायला लागली होती, मला पत्ता पण नव्हता. तुम्ही डबा न्यायला आलात, तिच्या हातात पाकीट बघितलं आणि काढून घेतलं. तिला बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे, असल्या माणसानं या सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरला न विचारता घ्यायच्या नसतात, बीपी वाढतं, किडनीवर येतं. पोटात अल्सर असलेल्यांनी, दमेकऱ्यांनी, पोटुशी बाईनं पण विचारल्याशिवाय नाही. गावात घरोघर प्लास्टिकच्या पिशवीत असली उरलेली पाकिटं असतात हो काकू, आणि एकाची गोळी दुसऱ्याला देणं म्हणजे आपल्याकडं माया. हे वाचणाऱ्यांनी आज ती पिशवी एकदा उघडून बघावी.

आई परवाच म्हणाली, ती बाई नसती तर काय केलं असतं आपण. मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही रिटायर झालात, पण त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ आमच्याकडं ड्युटीच केलीत, आणि वर जाताना दरवेळी "लागलं तर हाक मार" म्हणून गेलात. मला लहान भावासारखं दामटलं नाही, हसला नाहीत, दुखतंय म्हणलं तर दुखतंय असं मानलंत. याचं मोल मला नीट सांगता येत नाही.

एप्रिलचं ते पान मी फाडलेलं नाही, टिकांसकट ठेवलंय. डाव्या बाजूची दाढ दिवाळीनंतर काढायची आहे, तारीख ठरली की आधी तुम्हाला सांगतो, मग परभणीला फोन करतो. आणि तुम्ही त्या दिवशी नेता नेता विसरलेला आंबिलीचा डबा अजून आमच्याकडंच आहे, आई म्हणते रिकामा द्यायचा नसतो. रविवारी धपाटे घालून घेऊन येतो, आता मला चावता येतंय.

तुमचाच,
गल्लीतला भैय्या