सूचना: अराजकतावादावर काय वाचायचं

मंडळी, मागच्या मीटिंगनंतर बऱ्याच जणांनी विचारलंय की अराजकतावाद (म्हणजे राज्यसत्ता आणि वरून हुकूम न लागता माणसं आपापसात सहकार्याने जगू शकतात हा विचार) समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करू, म्हणून हे सगळ्यांसाठी एकदाच टाकतोय. आधी एक, आपल्याकडे अराजक म्हटलं की गोंधळ, लुटालूट एवढंच डोळ्यासमोर येतं, ते जरा बाजूला ठेवा.

पहिलं पुस्तक रशियन अराजकतावादी विचारवंत क्रोपोटकिनचं 'म्युच्युअल एड' (परस्पर साहाय्य), १९०२ चं. सगळं एका दमात नको, शेवटची दोन प्रकरणं आधी वाचा. त्यात केंटच्या किनाऱ्यावर संत्र्यांनी भरलेलं एक छोटं जहाज वादळात वाळूत रुततं, जाणं वेडेपणाचं आहे असं सगळेच म्हणत असतात, तरी जहाजावरची हाक ऐकून गावकऱ्यांना नुसतं उभं राहवत नाही आणि ते लाइफबोट घेऊन पाण्यात उतरतात, कोणी हुकूम दिलेला नसताना; बोट दोनदा उलटते, एक माणूस जातो. मला तर ते वाचताना गलबलून आलं.

मग ऑर्वेलचं 'होमेज टू कॅटालोनिया'. स्पेनच्या यादवी युद्धातलं, अराजकतावाद्यांचा जोर असलेलं १९३६ चं बार्सिलोना, वेटर नजरेला नजर देऊन बोलतात, टिप देणं बंद. तो स्वतः अराजकतावाद्यांच्या नाही, पोउम या मार्क्सवादी पक्षाच्या तुकडीत होता, हे लक्षात ठेवून वाचा. कादंबरीच हवी असेल तर ले ग्विनचं 'द डिस्पझेस्ड' घ्या, त्यात एक काल्पनिक अराजकतावादी समाज आहे.

आणि एम. पी. टी. आचार्य विसरू नका प्लीज, मद्रासचा हा अराजकतावादी माणूस १९५४ मध्ये आपल्या मुंबईत वारला आणि आपल्याला नावही माहीत नसतं.

क्रोपोटकिन प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो, विकत घेऊ नका. ऑर्वेलची माझी कॉपी ज्याला हवी त्याने इथेच सांगा.