मोबाइलमधली सवलत आणि करमणूक, निघण्याआधी तपासलेली

पुणे,
3 सप्टेंबर

प्रिय महेश,

सप्रेम नमस्कार.

काका-काकूंना घेऊन दिवाळीनंतर सावंतवाडीला जायचं ठरलं, हे वाचून फार बरं वाटलं. फोनमध्ये कुठली अ‍ॅप घेऊ, कशात खरोखर सवलत मिळते आणि प्रवासात पोरीला कशात रमवू, असं तू विचारलं आहेस. नावं पुढे येतीलच, पण त्याआधी एक गोष्ट मनावर घे. कुठलंही अ‍ॅप घरी, सोफ्यावर बसून, वायफायवर छान चालतं. ते गाडीत चालेल का हे बघायचं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि मग उघडून बघ. तिकीट दिसतंय? सिनेमा सुरू होतोय? नकाशा उघडतोय? जे दिसेल तेवढंच प्रवासात तुझं. ही परीक्षा निघण्याच्या निदान आठ दिवस आधी घे, म्हणजे नापास झालेलं अ‍ॅप बदलायला वेळ राहतो.

सगळ्यात आधी तिकीट, कारण खरी सवलत तिथेच आहे. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती, आणि अजूनही पुष्कळांच्या डोक्यात तोच हिशेब असतो. तुमची गाडी, दादर-सावंतवाडी तुतारी एक्स्प्रेस, दादरहून रात्री बाराच्या नंतर सुटते, इथे बरेच जण फसतात. तुम्ही 13 नोव्हेंबरला रात्री जेवून घराबाहेर पडणार असाल तर तिकिटाची तारीख 14 नोव्हेंबर. 13 चं तिकीट काढलंत तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. 14 पासून 60 दिवस मागे मोजले की 15 सप्टेंबर येतो. त्या दिवशी सकाळी 8 ला आरक्षण उघडेल, म्हणजे तुझ्या हातात बाराच दिवस आहेत. तेवढ्यात आयआरसीटीसीच्या खात्याची आधार-पडताळणी उरकून घे. आरक्षण उघडतं तेव्हा पडताळणी झालेल्या खात्यांनाच आधी वाट मिळते, आणि जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीटही त्याशिवाय निघत नाही. आधारवर जसं नाव आहे तसंच खात्यात हवं. मधलं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही पडताळणी अडते. पाचही जणांची नावं-वयं मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे खात्यात साठवायच्या प्रवाशांच्या यादीत, आधीच भरून ठेव. आठ वाजता टाइप करत बसायला वेळ नसतो.

आता खालच्या बर्थचं. काका 76, काकू 70. ज्येष्ठांची भाड्यातली सूट 20 मार्च 2020 पासून बंद आहे, तेव्हा ती कुठल्या अ‍ॅपमध्ये शोधू नकोस. पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे आणि त्यांच्यासाठी तो पैशांच्या सवलतीपेक्षा मोलाचा आहे. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळिशीवरच्या बायका, एकटे किंवा दोघेच एका तिकिटावर असतील तरच तो मिळतो. तिकिटावर तिसरं माणूस आलं, किंवा दोघांपैकी एक जण वयात बसत नसेल, तर कोटा लागत नाही. पाच जणांचं एकच तिकीट काढणाऱ्यांच्या आई-वडिलांना मधला बर्थ येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून दोन तिकिटं काढ. पहिलं फक्त काका-काकूंचं. गाडी निवडताना कोट्याच्या जागी ‘जनरल’ दिसतं, त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते, त्यातला लोअर बर्थ आणि ज्येष्ठ नागरिकांचा पर्याय घे. दुसरं तिकीट तुम्हा तिघांचं, नेहमीच्या कोट्यात. सुविधा शुल्क प्रत्येक तिकिटाला लागतं. यूपीआयने भरलंस तर एसीला 20 रुपये आणि वर जीएसटी, कार्डाने 30 रुपये आणि जीएसटी. म्हणजे दोन तिकिटांचा जादा भुर्दंड वीस-पंचवीस रुपयांचा.

‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असाही एक पर्याय खाली असतो. दिवाळीच्या गर्दीत तो लावू नकोस. बर्थ नसेल तर तिकीटच निघत नाही, पैसे परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात साध्या जागाही संपतात.

दोन तिकिटं झाली की ओळखपत्रंही दोन लागतात. प्रत्येक तिकिटावरच्या निदान एका प्रवाशाकडे मूळ ओळखपत्र हवं, नाहीतर टीसी विनातिकीट धरू शकतो. तुझं आधार काकांच्या तिकिटाला चालणार नाही. काकांच्या फोनमध्ये डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी अ‍ॅप, घालून दे. तिथे एक बारीक भेद आहे. सरकारी खात्याकडून थेट आलेलं आधार किंवा लायसन्स ‘इश्यूड’ या भागात दिसतं, ते रेल्वे मान्य करते. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला कागद ‘अपलोडेड’ भागात जातो, तो मान्य होत नाही. आणि तरीही छापील आधार काकूंच्या पर्समध्ये असू दे.

पोरगी नऊ वर्षांची. पाच ते बारा वयाच्या मुलांना बर्थ नको असं नोंदवलं तर अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण. रात्रीचा प्रवास आहे, मी तरी बर्थ घेईन. विम्याची खूण मात्र विसरू नकोस. माणशी 45 पैसे. खूण केल्यावर विमा कंपनीकडून एक लिंक येते, तिथे वारसाचं नाव भरायचं असतं. बहुतेक लोक खूण करतात आणि लिंक उघडतच नाहीत.

रेल्वेचंच नवं ‘रेलवन’ अ‍ॅप 1 जुलै 2025 ला आलं. आरक्षित तिकीट, साधं तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, गाडीची चौकशी, तक्रार हे सगळं त्यात एका ठिकाणी आहे आणि आयआरसीटीसीचंच खातं चालतं. कुडाळ-सावंतवाडीसारखा छोटा टप्पा साध्या तिकिटावर करायचा असेल तर ते वापर. कागदाविना काढायचं साधं तिकीट स्टेशनात शिरण्यापूर्वी काढावं लागतं, कारण फलाटावर आणि रुळांजवळ अ‍ॅप जीपीएस बघून अडवतं. आत गेल्यावर आठवण झाली तर स्टेशनवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून काढता येतं. तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवायचं, स्क्रीनशॉट टीसी मानत नाही. फोन बंद पडला तर तुझ्याकडे तिकीट नाही असंच धरलं जातं, आणि दंड किमान 250 रुपये, वर भाडं.

एसटीत मात्र सवलत भरघोस आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत, 65 ते 75 ला अर्धं भाडं, आणि मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं. म्हणजे सावंतवाडी-मालवण फेरीत काकांना शून्य, काकू, वहिनी आणि पोरगी अर्ध्यावर, पूर्ण तिकीट एकट्या तुझं. एसटीच्या अ‍ॅपवर आगाऊ जागा धरताना प्रवाशाचा सवलतीचा प्रकार निवडावा लागतो, नुसतं वय भरून भागत नाही. पणजीला एसटीने गेलात तर ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच धरतात, पुढचे पैसे पूर्ण. कंडक्टरशी त्यावरून वाद घालू नका, नियमच तसा आहे.

गाडी कुठे आली हे बघायला ‘व्हेअर इज माय ट्रेन’ ठेव. तुम्ही गाडीत बसलेले असताना ते मोबाइलच्या टॉवरवरून जागा ओळखतं, त्यासाठी इंटरनेट किंवा जीपीएस लागत नाही. पण टॉवर तर हवा! कोकण रेल्वेवर 91 बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी 80 च्या वेगाने गाडी गेली तरी आत पाच मिनिटं जातात. तेवढा वेळ अ‍ॅपमधली गाडी मागच्याच ठिकाणी थांबलेली दिसते. काकूंना आधीच सांगून ठेव, म्हणजे काळजी करणार नाहीत. दुसरी अडचण वेळापत्रकाची. पावसाळ्यात कोकण रेल्वेचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रक वेगळं असतं. अ‍ॅप जुनंच राहिलं असेल तर नोव्हेंबरमध्येही पावसाळी वेळ दाखवेल. निघायच्या आदल्या दिवशी ते अपडेट कर आणि वेळ 139 वर किंवा रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर ताडून बघ. डबा अस्वच्छ असला, पाणी नसलं तर ‘रेलमदद’वर पीएनआर टाकून तक्रार करायची. रेंज अधूनमधूनच येते, म्हणून मजकूर आधी लिहून ठेव आणि स्टेशन आलं की पाठव.

बोगद्यांमुळेच करमणुकीचं सगळं आधी उतरवून घ्यावं लागेल. उजाडल्यावर ज्या भागातून गाडी जाते तिथे गाणं दर थोड्या वेळाने तुटतं, आणि रेंज शोधण्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. चिपळूण सोडलं की गाडी कुठे आली ते बघायचा एक फोन सोडून बाकीचे सरळ एअरप्लेन मोडवर टाका. नेटफ्लिक्सवरून सिनेमे उतरवण्याआधी फोनमध्ये जागा मोकळी कर. उतरवलेल्या सिनेमांना मुदत असते. काही सिनेमे एकदा सुरू केले की 48 तासांत संपवावे लागतात, म्हणून तपासताना प्रत्येक सिनेमा चालवून बघू नकोस. एक चालवलास की पुरे. प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठी काकांना ते घालून दे.

पण माझं मन विचारशील तर काका-काकूंसाठी पडद्यापेक्षा कान बरा. स्टोरीटेलवर ऐकायची मराठी पुस्तकं भरपूर आहेत. 64 केबीपीएस आवाजाला तासाला 30 एमबीपेक्षा कमी लागतं, म्हणजे आठ तासांचं पुस्तक 240 एमबीच्या आत. डोळे शिणत नाहीत, पडदा बंद असल्यामुळे बॅटरी टिकते आणि खिडकीबाहेर बघताही येतं. पानवलचा पूल रत्नागिरीजवळ आहे, 64 मीटर उंच. तिथे तरी सगळ्यांनी मान वर करावी.

पोरीसाठी ‘लिचेस’ घे. बुद्धिबळ, फुकट, एकही जाहिरात नाही, आणि नेट नसताना फोनशी खेळता येतं. पातळी एकवर ठेवून दे. इतर खेळांचं काय, तर ‘ऑफलाइन’ असं लिहिलेले पुष्कळ खेळ उघडताना जाहिरातीसाठी नेट मागतात आणि तिथेच अडकतात. एअरप्लेन मोडची परीक्षा यांना सगळ्यात आधी लाव.

आता ज्यात पैसे जातात ते सांगतो. एक महिना फुकट किंवा 1 रुपयात, असं म्हणणारी अ‍ॅप तो रुपया घेताना यूपीआय ऑटोपेची परवानगीही घेतात. महिना संपला की पूर्ण रक्कम आपोआप कापली जाते. कापण्याच्या 24 तास आधी मेसेज येतो, पण तो जाहिरातींच्या मेसेजमध्ये बुडतो. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेव, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती रद्द कर. नंतर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीतही तिचं नाव शोध आणि तिथूनही परवानगी मागे घे. रद्द केल्यावरही भरलेली मुदत संपेपर्यंत बहुतेक सेवा चालू राहतात, म्हणून घेतल्या दिवशीच रद्द करून मोकळं व्हावं.

परतीला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान आहे म्हणतोस. लाउंजची, म्हणजे विमानतळावरच्या विश्रांती-कक्षाची, सवलत बँकेच्या कार्डावर असते, त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही. बऱ्याच बँकांनी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच ती ठेवली आहे, तेव्हा बँकेच्या अ‍ॅपमध्ये किती वेळा शिल्लक आहे ते बघून घे. दारात कार्ड फिरवताना रुपे किंवा व्हिसाला साधारण 2 रुपये कापले जातात, तो पडताळणीचा भाग आहे. ‘लाउंज पास’ नावाच्या बनावट अ‍ॅपचं प्रकरण 2024 मध्ये बेंगळुरूच्या विमानतळावर उघड झालं. ते फोनमधले एसएमएस वाचून दुसरीकडे पाठवत होतं, म्हणजे ओटीपी चोराच्या हातात. 2023 मध्ये आयआरसीटीसीच्या नावाची अशीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. मेसेजमधून आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल, कधीच बसवू नकोस. प्रवासाचं किंवा सिनेमाचं अ‍ॅप एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचं वाचायची आणि चालवायची) परवानगी मागत असेल तर तिथेच थांब. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लाव. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

विमानतळावर ‘डिजियात्रा’ घेतलंस तर दारात आणि सुरक्षा तपासणीपाशी चेहरा दाखवून जाता येतं. वेब चेक-इन करून बोर्डिंग पास त्यात जोडायचा आणि विमानतळाला पाठवायचा. तिकिटावरचं नाव आधारशी जुळलं नाही तर पास जोडलाच जात नाही, म्हणून तिकीट काढतानाच स्पेलिंग बघ. काका-काकूंसाठी हा खटाटोप करू नकोस. त्यांच्यासोबत साध्या रांगेतून गेलेलं बरं.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
नितीन

ता. क. गाडीत रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंगची वीज बंद ठेवतात आणि तुमची गाडी सुटतेच त्या वेळात. फोन आणि पॉवर बँक घरूनच पूर्ण भरून न्या. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवरची होते. विमानात 100 वॉट-अवरपर्यंतची नेता येते, पण परतीला ती हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नाही. आणि काकांसाठी वायरचे इअरफोन घे. फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर त्याला ती वायरच अँटेना म्हणून लागते.