खनिज शोधण्याआधी टेबलावरचे काम पुरे करा

मा. संपादक,

गोव्यातील खनिज पट्ट्यांच्या, म्हणजे खाणकामासाठी दिल्या जाणाऱ्या जमिनींच्या लिलावाची चर्चा निघाली की बोलणे लिलावाची रक्कम, पर्यावरण दाखला आणि ट्रकवाल्यांचा रोजगार यांभोवतीच फिरते. पट्ट्याच्या सीमा मुळात कोणत्या माहितीवरून आखल्या गेल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ड्रिल मशीन डोंगरावर चढवण्यापूर्वी उपग्रहचित्रे, जुने नकाशे आणि उपलब्ध नोंदी एकत्र मांडून करायचा अभ्यास खनिज शोधात सर्वांत स्वस्त असतो. आपल्याकडे मात्र तो अहवालात चार ओळी भरण्यापुरताच उरतो की काय, अशी शंका येते.

उपग्रह जमिनीखालचे खनिज पाहतो, हा समज आधी दूर व्हायला हवा. सूर्यप्रकाशावर चालणारा संवेदक फक्त पृष्ठभाग पाहतो. लोहाचे ऑक्साइड निळा प्रकाश शोषतात आणि लाल परावर्तित करतात, त्यामुळे या दोन रंगांच्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले की लोहयुक्त जमीन चित्रात उठून दिसते. राजस्थानच्या उघड्या खडकाळ भागात ही युक्ती चांगली लागू पडते. गोव्यात ती फसवी ठरते, कारण येथे जांभ्याचा प्रत्येक उघडा सडा, चिरेखाण, खोदलेला रस्ता आणि खाणीचा डंप, म्हणजे टाकून दिलेल्या मालाचा ढीग, त्याच लालीने चमकतो. डिचोलीतील चांगले भुकटी खनिज, ज्याला खाणीवर ब्लू डस्ट म्हणतात, ते बहुधा या जांभ्याच्या टोपीखाली दडलेले असते. उरलेला भाग झाडीने झाकलेला आणि पावसाळाभर ढगांआड. म्हणून चित्र कोणत्या महिन्यातले आहे, हे प्रत्येक अहवालात लिहिलेच पाहिजे. पानगळीनंतरचे, फेब्रुवारी ते मेमधले निरभ्र चित्र आणि ऑक्टोबरमधले हिरवेगार चित्र यांवरून एकच निष्कर्ष काढता येत नाही.

मग या चित्रांचा उपयोग काय? माझ्या मते गोव्यात त्यांचे पहिले काम खनिज दाखवण्याचे नसून नको त्या जागा वगळण्याचे आहे. आपल्या लोहखनिजाचा प्रदेश पेडण्यापासून सांग्यापर्यंत वायव्य-आग्नेय दिशेने जातो आणि खनिज बरेचदा खडकांच्या खोलगट घड्यांमध्ये टिकून राहिलेले आढळते. या घड्या आणि भेगांच्या रेषा उंचीच्या अंकीय नकाशावर झाडीतूनही ओळखता येतात. त्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूकोश संकेतस्थळावरील नकाशे, हवाई चुंबकीय सर्वेक्षणाची माहिती आणि ओढ्यांतील गाळाचे रासायनिक पृथक्करण ठेवले, तर जेथे तीन-चार पुरावे एकाच जागी जुळतात तेवढेच तुकडे ड्रिलिंगसाठी उरतात. त्याही तुकड्यांवर भूवैज्ञानिकाने हातोडा घेऊन पायी फिरणे आलेच. संगणकापुढे बसून त्यातून सुटका नाही.

याच भेगांच्या रेषांवर पुष्कळदा झरी आणि विहिरींचे पाणीही अवलंबून असते. खाणीचा तळ भूजलपातळीखाली गेला की पाणी सतत उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी उतरतात, हे डिचोलीतल्या खाणींलगतच्या शिरगावच्या लोकांना कोणी शिकवायला नको. झरी, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), शेती आणि अभयारण्यांच्या सीमा त्याच नकाशावर सुरुवातीलाच घातल्या, तर जो वाद आज जनसुनावणीत उसळतो त्याचा बराचसा भाग पट्टा आखतानाच हाताळता येईल.

जुन्या चित्रांचे मोल तर वेगळेच आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रह मालिकेची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून तिचा संग्रह मोफत खुला आहे. कोणता डंप कोणत्या दशकात कुठे पसरला, हे त्यांवरून ढोबळमानाने ताडता येते. सुरुवातीची चित्रे भरड आहेत हे खरे, पण २०१५ पासून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची, दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रेही उपलब्ध आहेत. पूर्वी कमी प्रतीचे म्हणून टाकून दिलेले खनिज आज विकाऊ ठरत असताना नवा डोंगर फोडण्याआधी या डंपांचा हिशेब लावणे शहाणपणाचे होईल.

सर्वांत मोठा ठेवा मात्र आकाशात नाही, कपाटात आहे. पोर्तुगीज काळातील परवान्यांपासून पुढे अनेक दशके खाणमालकांनी जी ड्रिलिंग केली, त्यांचे लॉग (किती खोलीवर काय लागले याच्या नोंदी), खाण आराखडे आणि पृथक्करणाचे कागद विखुरलेले आहेत, आणि वाळवी काही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. निदान त्या पट्ट्यांच्या नोंदी खाण खात्याने गोळा करून, प्रत्येक ड्रिलिंगच्या जागेचे अक्षांश-रेखांश तपासून अंकीय स्वरूपात आणाव्यात आणि पुढील कोणत्याही लिलावाच्या किमान सहा महिने आधी संबंधित पंचायतीत मराठी व कोकणीतून नकाशासह लावाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त खाण कर्मचारी, डिचोली